बद्द वाजलेलं चाक

माझा मामा दानियल मापगावकर याच्यावर दोनदा अन्याय झाला. पहिला, युद्धानंतरच्या पहिल्या पेसाहचा सण आटोपल्यावर आलेल्या शुक्रवारी सकाळी, अरादच्या एका गॅरेजच्या आवारात, त्याने ‘नको’ म्हटलेलं चाक फिरवलं गेलं तेव्हा. दुसरा त्याच दिवशी, शब्बाथचे दिवे लागायच्या आत. मामा मेलेला होता आणि गॅरेजचा मालक पोलिसांना सांगत होता की चाक त्यानेच बिघडवलं. पहिल्याला आता इलाज नाही. दुसऱ्याला आहे, म्हणून लिहितेय. मी आजवर पत्रकंच लिहिली आहेत, मला गोड लिहिता येत नाही.

मामा भित्रा होता. हे आधीच सांगते, कारण शिवाच्या, म्हणजे सुतकाच्या, सात दिवसांत जो तो येऊन ‘काय धीराचा माणूस’ म्हणून गेला. खोटं आहे. तो मांजराला भ्यायचा, लिफ्टला भ्यायचा, हिब्रूत आलेलं सरकारी पाकीट मामीने फोडेपर्यंत हात मागे बांधून उभा राहायचा. युद्धात भोंगा झाला की तळघरातल्या मिक्लातमध्ये, त्या आसऱ्याच्या खोलीत, सगळ्यांच्या आधी मामा... आणि मग तिथून मामीला हाक, “रिबका, गॅस बंद केलास काय गो?” मुंबईला गिरणीच्या वर्कशॉपात तो टर्नर होता, अरादला आल्यावरही हाती लेथच आली. एक खोड मात्र त्याने कोकणातून आणली होती. मडकं घेताना टिचकी मारून बघतात ना, तशी तो कशालाही मारायचा. कपाला, बशीला, दुकानातल्या नव्या पातेल्याला. खणखणीत वाजलं की मान डोलवायची, बद्द वाजलं की वस्तू बाजूला. मामी म्हणायची, “माझ्या डोक्याला पण मारून बघा एकदा.” “लग्नाआधीच मारलेली,” मामा म्हणायचा. “बद्दच होतं. आयेने ऐकलं नाय.”

गॅरेजच्या मालकाला आपण आमोस म्हणू. खरं नाव छापायला संपादक घाबरले. आमोसकडे एक जुनी, दोन माणसांची इंग्रजी स्पोर्ट्स गाडी होती आणि मृत समुद्राकडून अरादला चढणाऱ्या वळणांवर तिने सगळ्यांना मागे टाकावं एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं. इंजिन मोठं करायचं नव्हतं, म्हणून त्याने फिरणाऱ्या भागांचं वजन कमी करायचं ठरवलं. इंजिनाच्या मागे ओतीव लोखंडाचं एक जाड चाक असतं, फ्लायव्हील. मामाने मला ते जात्यावरून समजावलं होतं. जातं जड असलं की त्याला गती द्यायलाच दम जातो, हलकं केलं की हात लावताच पळतं. “पण पातळ जातं तडकतं, हे पण ध्यानात ठेव.” पहिल्यांदा मामाने चाकाच्या कडेचं थोडंसं लोखंड काढलं आणि गाडी खरोखर उसळायला लागली. आमोसने खुशीत त्याला शेजारी बसवून तो चढ चढवून आणला. मी विचारलं, “कशी पळाली, मामा?” “काय माहीत! मी डोळे मिटून शेमाची प्रार्थना म्हणत होतो.”

तिथे थांबायला हवं होतं. आमोस थांबला नाही. आणखी काढ, आणखी. आणि हो, दुसऱ्यांदाही कापलं मामानेच, आमोसने खडूने आखून दिलं तेवढं. त्या आठवड्यात मी मामाकडे राहायला होते, गुरुवारी दुपारी गॅरेजातच होते. चाक लेथवरून उतरवून त्याने दोरीला टांगलं आणि छोट्या हातोडीने ठोकलं... बद्द. पुन्हा ठोकलं. पुन्हा बद्द. मामाचा चेहरा उतरला. तिथे आपले, मराठी बोलणारे, तिघे काम करतात, त्यांच्याकडे वळून तो म्हणाला, “अरे, ह्या आमोसला नीट सांगा रे तुमच्या हिब्रूत. आत चीर आहे. हे लावू नका.” एक जण हसला आणि हिब्रूतच म्हणाला, “दाय, दानियल.” पुरे आता. मग मीच आमोसला सांगितलं, स्पष्ट हिब्रूत. तो म्हणाला, “तुझा मामा मांजरालाही भितो. यिहये बेसेदेर.” होईल सगळं ठीक! या देशात मला सगळ्यात जास्त भीती याच दोन शब्दांची वाटते.

संध्याकाळपर्यंत चाक गाडीत बसलं.

मग तो तिथे उभा का राहिला, असं तुम्ही विचाराल. गिरणीच्या वर्कशॉपातली रीत होती, ज्याचा हात लागला त्याने पहिल्या फिरतीला जवळ राहायचं. तिथे चाकं दमाने फिरायची, पट्टा सरकला तर चार शिव्या खाऊन सुटका व्हायची. स्पोर्ट्स गाडीचं इंजिन म्हणजे गिरणीचा पट्टा नव्हे. पण मामाला त्या रीतीपासून पळता येईना आणि आमोसला ती रीत ठाऊक होती. शुक्रवारी गाडी स्टँडच्या लोखंडी घोड्यांवर चढवलेली, आमोस सीटवर. “ये ना दानियल. की आपल्याच कामाची भीती वाटते?” मामा पुढच्या मडगार्डपाशी बसला, पत्र्यावर तळवा ठेवून. मी फाटकातून बघत होते. मी ओरडले, “मामा, बाजूला हो!” “आलोच गो. एकदा ऐकून घेतो.”

इंजिनाचा आवाज चढत गेला. आणखी चढला... पुढचं लिहीत नाही. लोखंड पत्रा फाडून मामाच्याच बाजूने बाहेर आलं, एवढं पुरे. अजून रस्त्यात कुणी गाडीचं इंजिन तापवलं की मी भिंतीला चिकटते. किर्यात गातला जाणाऱ्या बसमध्ये ड्रायव्हरने जोरात गियर बदलला तरी मी पुढच्या सीटचा दांडा धरते.

शिवाला आमोस संत्री घेऊन आला आणि मामीच्या तोंडावर म्हणाला, “बिचाऱ्याने माझ्या मापापेक्षा जास्त काढलं.” आपले तिघे तिथेच बसले होते, उकडलेली अंडी सोलत. एकानेही मान वर केली नाही. त्यांतल्या एकाला मी जिन्यात गाठलं. “तुम्ही ऐकलंत ना?” तो हिब्रूत पुटपुटला, “मला पोरं आहेत.” भीती मला कळते हो. मामाही भ्यायचा, तुमच्याहून जास्त भ्यायचा. पण तो बोलला.

मामी आता चहा ओतण्याआधी कपाला टिचकी मारते. आपण असं करतो हे तिला ठाऊकही नसावं. वाजतो, ती मान डोलवते, आणि मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघते.

कारखाना-निरीक्षकाची चौकशी येत्या रविवारी सकाळी बीरशेबाला आहे. मी गेले तर म्हणतील, भाचीच ती, बोलणारच. तुम्ही तिघे हा अंक वाचता, मला माहीत आहे. आमोसची गाडी दुरुस्तीला लागली आहे, त्या लेथवर दुसरं चाक चढलं आहे, आणि त्याच्याशेजारी आता तुमच्यापैकीच एक जण उभा असतो. तेव्हा रविवारी या. तिघेही या. आणि जे गुरुवारी मामासाठी हिब्रूत सांगितलं नाहीत, ते आता मोठ्याने सांगा: दानियलने ‘लावू नका’ म्हटलं होतं.