बंद न होणारी गाडी आणि आत बसलेले सासरे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो. त्या दिवशी मला हसू सुचत नव्हतं. एवढी मोठी माती मी आयुष्यात दुसरी खाल्लेली नाही!

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. सोलापुरात मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. पंधरा दिवसांपूर्वी एक जुनी काळी मोटार घेतली होती. आधीच्या मालकानं तिचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं. महबूबभाई मिस्त्री मला ती शिकवत होते. सुरू करायला शिकलो, गिअर टाकायला शिकलो. बंद दर वेळी महबूबभाईच करायचे. बंद करणं हीही शिकायची गोष्ट असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही!

गाडी काळा धूर ओकायला लागली. चढावर धापा टाकायची. आणि रविवारी तर अकलूजला जायचं होतं, धाकट्या मेहुणीच्या सासरी, तिच्या डोहाळजेवणाला. त्यासाठी सासरे अक्कलकोटहून मुद्दाम आलेले. निवृत्त हेडमास्तर. बोलायचे कमी, बघायचे जास्त. त्यांनी चष्म्यावरनं बघितलं की मला पाढे विसरायला व्हायचे.

महबूबभाई ट्रक खोलायला बार्शीला गेलेले. त्यांच्या शेडवर तीनदा निरोप ठेवला. शेवटी म्हटलं, आपण विज्ञानाचे मास्तर की! भ्यायचं कशाला?

धुराचं कारण महबूबभाईंनी आधीच सांगितलं होतं: नोझल. डिझेलचा बारीक फवारा इंजिनात मारतं ते. आजारी नोझल ओळखायची युक्तीही सांगितलेली. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरासा सैल करायचा. ज्याचा सैल करूनही आवाज बदलत नाही, तेच बिघडलेलं.

तिसरं सापडलं! म्हटलं, आता चारही बघून घेऊ. आधी इंजिन बंद करायला पाहिजे होतं, पण त्याची वेळच आली नाही. टाकीतलं डिझेल संपलं आणि ते आपोआप थांबलं. मी आपलं शुभशकुन समजलो.

चारही नोझलं काढली, नव्या पेठेतल्या दुकानात दाबावर तपासून घेतली. तिसऱ्यातनं फवारा नाही, नुसती लाळ गळत होती. ते बदललं. तांब्याचे नवे वायसर घातले, पाइप आवळले, डिझेल भरलं, लाइनीतली हवा काढली. मध्ये एक वायर सारखी आडवी येत होती, डॅशबोर्डवरच्या ओढायच्या गोळ्यापासनं आलेली. मी म्हटलं, ही चोकची. डिझेलला चोक कसला? दिली काढून!

रविवारी सकाळी सासरे धोतर-टोपीत मागच्या सीटवर बसले. बायको दाराला कुलूप लावत होती. मी चावी फिरवली. काय सांगू! पहिल्या झटक्यात सुरू! धूर नाही, काही नाही.

आणि मग आवाज चढायला लागला.

पाय उचलला तरी चढतोच. बॉनेट थरथरायला लागलं. मी चावी बंद केली. इंजिन चालूच! चावी काढून हातात घेतली. चालूच!

"मास्तर, ब्याटरी काढा की!" समोरचे नरसय्या ओरडले. हातमाग सोडून बाहेर आलेले.

खाली उतरलो, बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर उपटली. चावी माझ्या खिशात, वीज कुठूनच नाही, आणि ते इंजिन बोंबलतंय! नोझल उलटं बसलं? डिझेल आत बदाबदा ओततंय? आता फुटणार!

"पळा! फुटणार! पळा!"

गल्ली रिकामी झाली. सगळ्यात पुढं कोण पळत होतं? मी! नरसय्यांच्या मागाखाली जाऊन बसलो.

तेवढ्यात बायकोची किंकाळी. "अहो! बाबा गाडीत आहेत!"

मागचं दार आतनं उघडत नव्हतं, बाहेरनंच उघडायचं. सासऱ्यांना गाडीत कोंडून मी मागाखाली बसलो होतो!

बायको पदर खोचून निघालीच होती. "तू थांब," म्हणालो आणि गेलो. त्या वीस पावलांत देवांची नावं संपली. डोळे मिटून दार ओढलं, हाताला लागेल ते धरून खेचलं. सासरे बाहेर आले, टोपी सरळ केली आणि म्हणाले, "फुटणार होती ना? अजून किती वेळ आहे?"

नरसय्या ओली चादर घेऊन आले, पण जवळ कोण जाणार? इतक्यात कोपऱ्यावरनं महबूबभाई येताना दिसले. निरोप मिळाला होता. आवाज ऐकून ते धावलेच. बॉनेटखाली वाकले, डिझेलच्या पंपाचा एक लहानसा दांडा बोटानं मागं ढकलला.

शांतता. अशी शांतता की कान दुखले.

"सर, स्टॉपची वायर कौन निकाला?"

"चोकची?"

"डिझेलकू चोक किधर का, सर? या गोळ्यानंच डिझेल तोडून बंद करायची असती की. चावीनं न्हाय. आणि ही रेस मागं खेचणारी स्प्रिंग लावायची राहिली तुमची." मग नोझलांवरनं हात फिरवून म्हणाले, "बाकी काम एक नंबर! एवढं चांगलं बसवलंय, म्हणून तर बंद पडंना!"

वायर बसली, स्प्रिंग बसली. मी घाम पुसून म्हणालो, "चला, बाबा."

सासरे जागचे हलले नाहीत. महबूबभाईंकडे बघून म्हणाले, "तुम्ही पुढं बसा."

अकलूजला पोचलो. दारात सासऱ्यांचे व्याही सामोरे आले, मिस्त्रींना बघून बुचकळ्यात पडले. "हे पाहुणे कोण?"

सासऱ्यांनी महबूबभाईंना हात धरून पुढं केलं, आपल्या शेजारच्या पाटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "जावईबापूंना गाडी सुरू करता येते. हे बंद करायला आणलेत."