दुपट्ट्याखालचा हात

"घाई काऊन करता भाऊ?" म्हणत तो खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातावर टाकायचा आणि खालून बोटं धरायचा.

आरमोरीच्या बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. कापडाखाली बोटं दाबतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. तो दलाल, मी बैल विकणारा. एका गोऱ्ह्यापासून धंदा उभा केला मी. समोरच्याचा जीव कोणत्या बैलात अडकलाय ते बोटांवरून ओळखतो. याच्या बोटांतून मात्र काहीच कळेना.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. घेत काही नाही, पण हात सोडत नाही. दाबायचा, थांबायचा, पुन्हा दाबायचा. एकदा त्याने मला असंच अडकवून ठेवलं आणि पोंभुर्ण्याचं माझं पक्कं गिऱ्हाईक शेजारची जोडी घेऊन गेलं. तो राग अजून उतरलेला नाही.

"हात सोड न! लगन लागून राह्यलं का आपलं?" पुढच्या बाजारी मी ओरडलो.

लोक हसले. त्याने दुपट्टा काढला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वाळल्या शेंगेसारखी वाकलेली.

"लकव्यानं गेले भाऊ. डाक्टरनं चेंडू देल्ला, म्हने दिवसभर दाब. बाजारात चेंडू दाबत बसलो त सौदे कोन करन?"

"मंग डाव्या हातानं कर."

"डाव्या हाताचा सौदा घेता तुमी?"

नसता घेतला. कोणीच घेत नाही.

"पन माहाच हात काऊन?"

"तुमी चिडले का उलटे दाबता. चेंडू कुठी दाबते?"

मग मी त्याच्यावर नजर ठेवू लागलो. चहा होईतो बैलाचं शिंग आवळायचा, गिऱ्हाईक विचार करेतो कासरा पिळायचा. रिकामा असा कधी नाहीच. माझी पाळी आली की मी शिव्या देत हात पुढे करायचो.

एके दिवशी करंगळी दाबली गेली. पुरा भाव कळला. इतका कमी, की माझं डोकंच फिरलं.

"चालली भाऊ, करंगळी चालली!"

"करंगळी चालली, पन भाव कोनता सांगून राह्यला बे!"

भांडभांड भांडलो आणि जोडी दिली.

आता तो पोंभुर्ण्याकडे सौदे करतो म्हणे, झटपट. हात माझ्यावर बरा केला आणि बाजार दुसरा धरला!

परवा एका नव्या दलालाने दुपट्टा टाकला, भाव दाबला. मी विचारात पडलो.

"हात सोडा न भाऊ," तो म्हणाला, "लगन लागून राह्यलं का आपलं?"