शालिकचा खड्डा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या सगळ्या खोडी तिला ठाऊक आहेत — पोरांवर ओरडतो ते, सामना हरलो की जेवत नाही ते — पण ही एक गोष्ट नाही. आज तुम्हाला का सांगतोय? तेही मला धड सांगता येणार नाही.

इकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात मला ‘पाय बघणारे सर’ म्हणतात. बास्केटबॉलचा कोच चेंडू बघतो. मी पोरांचे पाय बघतो. कोणी उडी मारून चेंडू टाकला की तो गडी जमिनीवर उतरेपर्यंत त्याच्याखालची जागा मोकळी ठेवायची, हा माझा पहिला धडा. कोणाचं पाऊल तिथं सरकलं तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला. लोक म्हणतात, सरांना पोरांची किती काळजी! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

शालिक रामपायलीचा, मी राजेगावचा. दोघंही धानाच्या बांधावरून उठून बालाघाटच्या शाळेत आलो, एकाच खोलीत राहिलो, एकाच मैदानावर खेळ शिकलो. तो माझ्यापेक्षा चांगला होता — हे लिहायला आजही जड जातं, बघा. त्याच्या हातून चेंडू सुटला की मी आपला मागं वळून पळायला लागायचो. आत जाणार हे ठरलेलंच असायचं.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. उकव्याकडच्या एका मँगनीजच्या खाणीला आपल्या टीमसाठी माणूस हवा होता. कागदावर कारकून, काम खेळायचं, वर राहायला क्वार्टर. खाणीचे साहेब चाचणी घ्यायला आमच्या मैदानावर आले. शेवटी आम्ही दोघंच उरलो. जागा एकच.

शालिकनं उडी मारली. मी त्याच्या समोर होतो. हा चेंडू आपल्याला अडवता यायचा नाही, हे मला कळलं — आणि मी पाऊल पुढं सरकवलं. तो जिथं उतरणार होता, तिथं. चुकून? नाही हो. चुकून सरकलं असतं तर इतकी वर्षं छळलं असतं का? मी खाली बघितलं, जागा बघितली, मग पाऊल ठेवलं. त्याचा घोटा माझ्या बुटावर मुडपला. कड् असा आवाज झाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो, भर दुपारी, जेवताना, कधीही.

साहेबांचं लक्ष वर होतं. सगळ्यांचंच. चेंडू आत गेला होता.

माणसं धावत आली, तेव्हा पहिला मीच बोललो. "गड्डा हाये इथं!" मुरमाचं मैदान, खड्डे असायचेच. कोणी वाकून बघितलंही नाही. शालिकनंसुद्धा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत मीच तर धावलो होतो. गावभर माझं कौतुक झालं आणि मी ते करून घेतलं.

घोटा वाकडाच जुळला. नोकरी मला लागली. गुडघे चालले तोवर खाणीसाठी खेळलो, मग कोच होऊन बालाघाटला परतलो. शालिकचा पाय धानाच्या चिखलात टिकेना, म्हणून त्यानं मैदानाच्या फाटकाशी सायकलचं दुकान टाकलं होतं. आमच्या चेंडूंत हवा तोच भरतो. नवा पोरगा आला की त्याला सांगतो, "तुह्या सरनं मले पाठीवर नेलतं, माहीत हाये का?" मी शिट्टी साफ करत बसतो.

आणि दरवर्षी पावसाळा सरला की तो घमेल्यानं मुरूम आणतो, त्या जागी टाकतो, पाणी शिंपडून चोपतो. तिथं खड्डा कधीच नव्हता! इतका मुरूम पडलाय की आता उंचवटा झालाय. चेंडू तिथं वेडावाकडा उसळतो. पोरं कुरकुरतात, मी त्यांना दटावतो.

यंदा त्याचा पाय सुजला होता. तरी लंगडत आला.

"राहू दे न आता," मी म्हटलं.

"काहून राहू दे? माह्यासारखं आनखी कोणाचं झालं मंग?" तो घाम पुसत खाली बसला. जमिनीवरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं. "हेच जागा व्हय न गा? मले तं त्या दिवशी काही दिसलं नाही. तुलेच दिसलता गड्डा."

मैदानावर दुसरं कोणी नव्हतं. सांगायला याहून बरी वेळ कोणती होती?

"हौ," मी म्हटलं. "हेच."

मग तो चोपू लागला, आणि मी मुरूम पसरत गेलो.