दीक्षित सरांची दिडकी

दीक्षित सर रिंकवर आले की फाटकापासून बाकड्यापर्यंत कधी सरळ चालत जात नसत. बाकडं डाव्या हाताला दहा पावलांवर होतं. पण शेजारी औदुंबराचा पार होता, आणि पार उजव्या हाताला ठेवूनच पुढे जायचं हा त्यांचा नियम. म्हणून पाराला अख्खी फेरी घालून ते बाकड्याशी येत, पिशवी ठेवत आणि आम्हाला म्हणत, "चला. देव उजवीकडे, नजर पुढे, तोंड बंद." अंगात ताप असो की दोन्ही हातांत स्केटच्या पिशव्या असोत, त्यांची फेरी कधी चुकली नाही.

रिंक हे आपलं म्हणायला. गंगापूर रोडवरच्या एका शाळेमागे सिमेंटची मोठी फरशी होती, तिला आम्ही रिंक म्हणायचो. एका टोकाला औदुंबर होता. तो तोडायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून सिमेंट त्याच्याभोवतीच ओतलं होतं. नव्वदच्या दशकात आम्ही वीसेक मुलंमुली तिथे रोज सकाळी चार चाकांचे स्केट बांधून त्या झाडाभोवती फिरायचो, अर्थातच प्रदक्षिणेच्या दिशेने. इतर मुलं वेगाच्या शर्यतीसाठी स्केटिंग शिकत. सर मात्र आम्हाला गिरक्या आणि उड्या शिकवायचे. "पळायला कुत्राही पळतो," ते म्हणायचे, "हवेत वळून दाखव, मग बोलू."

सरांचं घराणं पंचवटीतलं, रामकुंडावर यजमानांची कृत्यं सांगणारं. ते काम त्यांचे थोरले भाऊ करत, ज्यांना सगळेच दादा म्हणत. सर पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, लग्न केलं नव्हतं आणि पगारातलं उरेल ते आमच्या स्केटच्या चाकांवर घालवायचे. तरुणपणी मुंबईच्या फुटपाथवर त्यांना स्केटिंगचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं, आणि पुढचं सगळं ते त्यातल्या आकृत्या बघून शिकले. सकाळी ते त्याच आकृत्या खडूने फरशीवर काढत. कुठल्या पायावर निघायचं, कुठे वळायचं, कुठल्या पायावर उतरायचं, सगळं रेखीव. पावसाने आकृती पुसली गेली की घर पडल्यासारखा चेहरा करून बसायचे.

त्या पुस्तकातली सगळ्यात अवघड उडी म्हणजे अ‍ॅक्सल. बाकीच्या उड्या पाठमोरं जात घेता येतात, ही समोर तोंड करून घ्यावी लागते. पुढचं दिसत असतं, म्हणून भीतीही तेवढी जास्त. हवेत दीड गिरकी घ्यायची आणि पाठमोरं, दुसऱ्या पायावर उतरायचं. सर तिला दिडकी म्हणायचे. "एक गिरकी सगळ्यांना येते. खरं माणूस कळतं ते वरच्या अर्ध्यात." मला तेराव्या वर्षी ती जवळजवळ जमत होती. दहातल्या सहा वेळा तरी मी उभी राहायची, आणि सर म्हणायचे, "सुजे, तुझा पाय डोक्यापेक्षा हुशार आहे, त्याचं ऐकत जा."

त्या वर्षी मी राज्य स्पर्धेसाठी पुण्याला गेले. नाशिकबाहेरचा रिंक मी पहिल्यांदाच पाहत होते. स्पर्धेआधी सरावाला सोडलं आणि मी सवयीने निघाले. समोरून पंधरा-वीस मुली थेट माझ्या अंगावर येत होत्या. मला वाटलं, काय बाई या, कुणी शिकवलं की नाही यांना. कठड्याजवळून सर ओरडले, "सुजे, उलट." मी समजले की त्या उलट आहेत, हेच सर सांगतायत. म्हणून मी आणखी ठसक्यात पुढे गेले. एका धिप्पाड मुलीवर आदळले, डावा पाय खाली दुमडला आणि घोट्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात बाबा पोचले तेव्हा सर बाकावरून उठले आणि बाबांच्या पुढ्यात उभं राहून म्हणाले, "चूक माझी आहे. सगळीकडे डावीकडून फिरतात. पुस्तकातही तसंच आहे. मला पहिल्यापासून ठाऊक होतं." मग त्यांनी सांगितलं ते ऐकून बाबा थक्क झाले. सरांनी पुस्तकातली प्रत्येक आकृती ट्रेसिंग पेपरवर उतरवली होती आणि तो पेपर पालथा घालून आम्हाला शिकवली होती. देवाला डावी घालून पोरांना फिरवायचं त्यांच्या मनाला पटेना. बाहेर जग वेगळं फिरतं, हे आम्हाला सांगायचं मात्र राहून गेलं. बाबा एवढंच म्हणाले, "दिडकी शिकवता, पण दिडकीची अक्कल नाही." सर खाली मान घालून "खरं आहे" म्हणाले.

प्लास्टर निघालं. मला धीर कुठला. सरांनी महिनाभर उडी घ्यायची नाही असं बजावलेलं असताना मी एका दुपारी एकटीच रिंकवर गेले आणि दिडकी मारली. डाव्या पायावर उतरले आणि घोटा कापडासारखा मुरगळला. या वेळी आतले बंध फाटले होते. डॉक्टर म्हणाले, चालशील, पळशीलही, पण या पायावर उडीचा भार झेलायचा नाही. बाबांनी स्केट माळ्यावर टाकले. मी आठ दिवस घराबाहेर पडले नाही. रडले मात्र पोटभर. माझ्यात सांगण्यासारखं ते एकच होतं आणि तेही गेलं, असंच वाटायचं.

एका संध्याकाळी सर घरी आले. आईने दिलेला चहा तसाच ठेवून त्यांनी पिशवीतून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काढली. दिडकीची आकृती जमिनीवर पसरली आणि पेपर पालथा घातला. "बघ. आता डाव्यावर निघायचं आणि उजव्यावर उतरायचं. उजवा पाय धडधाकट आहे ना तुझा?"

बाबांनी विचारलं, "तुम्हाला येतं का तसं?"

"नाही," सर म्हणाले. "तीस वर्षं अंगाला दुसरंच वळण आहे. मीही शिकतो हिच्याबरोबर." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कागद पालथा घालणं सोपं गं. डोकं पालथं घालायचंय, ते दोघं मिळून घालू."

दुसऱ्या दिवशी ते फाटकातून आले, पारासमोर जरा थांबले, हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा औदुंबर डाव्या हाताला ठेवून चालू लागले. पाऊल अडखळत होतं, घरातल्या मोठ्या माणसाला उलट उत्तर द्यावं तसं. मग स्केट बांधले. पन्नाशी उलटलेला हा माणूस त्या सकाळी नऊ वेळा पडला. लहान मुलं खिदळली, तर म्हणाले, "हसा, हसा. पण पडताना माझ्याकडे बघा. मनापासून पडतोय की नाही? अर्धवट पडणाऱ्याची हाडं मोडतात."

बातमी पंचवटीत पोचायला कितीसा वेळ. एका रविवारी दादा स्वतः रिंकवर आले. सर माझा हात धरून मला त्या नव्या दिशेने फिरवत होते. दादा हळूच, पण मला ऐकू जाईल इतपत म्हणाले, "वसंता, उलट्या फेऱ्या कुणासाठी घालतात हे तुला मी सांगायला नको. मेलेल्या माणसासाठी."

सर थांबले नाहीत. पुढच्या फेरीला दादांपाशी आल्यावर म्हणाले, "माझ्यासाठी कुणीतरी घालीलच एक दिवस. तोवर या पोरीसाठी मी घालतो. पाय मी मोडलाय तिचा." दादा बाकड्यावर जाऊन बसले. जाताना मला म्हणाले, "गुडघा वाकव गं उतरताना, ताठ राहतेस."

चौदा महिने लागले. डावा मोडका पाय निघताना कुरकुरायचा, उजवा उतरायला घाबरायचा, आणि हवेत गेले की माझं अंग आपोआप जुन्या बाजूला वळायला बघायचं. सरांना स्वतःला एक गिरकी जमली, त्यापुढे नाही. "एक माझी, वरची अर्धी तुझी," म्हणायचे. मी दोनदा सोडून दिलं. दोन्ही वेळा ते समजूत घालायला आले नाहीत. मी खिडकीतून त्यांना सायकलवरून जाताना बघायची, एकटेच सरावाला निघालेले. मग लाज वाटून तिसऱ्या-चौथ्या दिवशी मीच परत जायची.

आणि एका सकाळी मी उतरले. उजव्या पायावर, पाठमोरी, चाकांचा एकच आवाज झाला आणि मी घसरत भिंतीपर्यंत गेले. वळून पाहिलं तर सर डोळे घट्ट मिटून उभे होते. पुण्यापासून माझ्या प्रत्येक उडीला ते डोळे मिटत होते, हे मला तेव्हा कळलं. "उतरलीस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर म्हणाले, "मग परत कर. मी पाहिलंच नाही." परत केली तर सपशेल आपटले. तिसऱ्यांदा पुन्हा उतरले आणि या वेळी त्यांनी पाहिलं. मग बाकड्यावर बसून स्केटचे बंद सोडायला लागले, आणि ते त्यांना बराच वेळ सुटेनात.

पुढे स्पर्धेत मी पाचवी आले. घरी ढाल-करंडक काही आला नाही. आज मी सिन्नरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि प्रयोग फसलेल्या मुलांना "मनापासून फसलाय ना?" असं विचारते. मुलांना वाटतं, मॅडम जरा विक्षिप्त आहेत.

सर गेले तेव्हा दोन हजारचं दशक संपत आलं होतं. हृदयविकाराचा झटका आला, पहाटे, रिंकवर जायच्या तयारीत असताना. मी सिन्नरहून मिळेल त्या जीपने आले. गोदाकाठी स्मशानात कुणीतरी कुजबुजलं की बायका इथे येत नाहीत. दादा म्हणाले, "येऊ द्या तिला. तिचा हक्क आहे."

अग्नी द्यायला सरांचा पुतण्या होता, तोही लहानपणी आमच्याच रिंकवर शिकलेला. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन तो निघाला आणि सवयीने, सरांना उजव्या हाताला ठेवून चालू लागला. दादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"उलट," ते म्हणाले.

पुतण्या वळला. त्याने तीन फेऱ्या घातल्या, मडक्यातून पाणी सांडत होतं. माझ्यासाठी सरांनी अशा किती घातल्या असतील, चौदा महिने, रोज, हसतमुखाने, पडत-धडपडत. मी हुंदका आवरला नाही. उजव्या पायावर भार देऊन शेवटपर्यंत उभी राहिले.