जावेच्या वाटणीची गोळी

लघवी काळ्या चहासारखी झाली होती आणि सौंदडच्या फलाटावर मला उभं राहता येत नव्हतं. घरचे सगळे भाताच्या रोवणीला गेलेले. धाकटी जाऊ पारबता मला धरून रडत होती आणि मला तिचाच राग येत होता. मलेरियाचा ताप आम्हा दोघींना एकदमच आला होता. ती उठून हिंडू लागली, मी मात्र मरायला टेकले.

गावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोघींचं रक्त तपासलं होतं. पारबताला आणखी एका गोळीचं पाकीट दिलं, मला नाही. "तुमच्या रक्ताला ही चालत नाही, आजी," म्हणाल्या. मला ते खोटं वाटलं. पारबता गोरी, गोड बोलणारी. तिला सगळीकडेच जास्त मिळतं. गावदेवी मातामायच्या ठाण्यावर जाऊनही मी तेच विचारलं, तिले देतेस, मले काऊन नाही? आमच्या घरात सासूच्या वेळेपासून जे येईल ते दोघी सुनांना सारखं. लुगडं, बांगड्या, माशाचा तुकडासुद्धा. माझं तोंड पाहून पारबतानं आपल्या गोळ्यांचे दोन वाटे केले.

"घे मोठीबाई, फुगू नको."

मी खाल्ल्या.

फलाटावर शेजारच्या बाईनं विचारलं, "काय खाऊन राहिली होती व माय?" पारबतानं पाकीट दाखवलं. "हेच माह्या पोरीले झालं होतं. फेक ते." तिची गाडी दुसरीकडची होती. ती गाडी सोडून बाई आमच्याबरोबर गोंदियाला आली, मोठ्या दवाखान्यात गोळीचं नाव सांगितलं आणि निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्या गोळीनं माझं रक्त फुटलं, दुसरं चढवावं लागेल म्हणाले. पारबतानं लगेच हात पुढे केला. तिचं जुळलं नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. एका ठिकाणी तरी ती कमी पडली. कोण्या अनोळखी माणसाचं रक्त जुळलं.

ते थेंब थेंब अंगात उतरताना पाहत मी पडून होते. ताप एक असला तरी औषध ज्याचं त्याचं वेगळं, हे तेव्हा समजलं. मातामायनं मला विसरून 'नाही' म्हटलं नव्हतं, मला पाहूनच म्हटलं होतं. आता ठाण्यावर मी काही विचारत नाही. हात जोडते, त्या दोन परक्या माणसांचं भलं कर म्हणते आणि घरी येते.

जळणं मात्र गेलेलं नाही. पारबताचे केस अजून काळे आहेत.

त्या तापातून ती जगली. मीही जगले.