मुडपलेलं बोट

शेजारच्या शालनताईंच्या परसात बारा महिने काही ना काही लगडलेलं असतं. मृगात त्या दुधीचं बी टोकतात, श्रावणात वेल मांडवावर चढवतात, दिवाळी सरली की मेथीचे वाफे करतात आणि होळीच्या सुमाराला पुढच्या वर्षाचं बी राखेत घोळून ठेवतात. मीही अगदी तेच करते. बीसुद्धा त्यांनीच दिलेलं. माती दोघींची एकच, मध्ये फक्त कुंपण. मग माझ्याच वेलाला नुसती पानं का? त्यांचा मांडव दिसला की माझा नुसता जळफळाट होतो.

आज सकाळी त्या कुंपणापाशी येऊन ओरडल्या, "अगं, धरलाय की तुझा दुधी! तो बघ, पानाआड!" आणि त्यांनी बोट मुडपून मला तो दाखवला. कोवळ्या फळाकडे सरळ बोट केलं की ते सडतं म्हणतात, म्हणून. दुधी होता अंगठ्याएवढा, पण त्यांना कोण आनंद!

आणि मी? अख्खा पावसाळा मी खिडकीत उभी राहून त्यांच्या एकेका दुधीकडे बोट रोखत आलेय. चांगलं सरळ, ताठ.

आणि एकही मेला सडला नाही!