सोनूआत्याची पराणी आणि दोर

निजामाच्या राज्यातली गोष्ट. माझ्या सोनूआत्याचा पहिला नवरा मेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि तिचं डावं मनगट वाकडं जुळलेलं होतं. ते त्यानंच मोडलेलं. साऱ्या टेंभुर्णीला ठाऊक होतं, पण मधे कोणी पडलं नाही. त्या गावाचा मला अजून संताप येतो.

मग पाटासाठी माणसं येऊ लागली. विधवेच्या या दुसऱ्या लग्नात बाईला समोरच्या माणसाला स्वतः प्रश्न विचारायची मुभा असे. आत्या विचारी, "हात उचलतोस का?" जो तो म्हणे, "म्या मुंगीबी मारली न्हाई." आत्या त्यांच्या बैलांना पाणी पाजायला जाई आणि पुठ्ठ्यावर पराणीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, अणकुचीदार टोकाच्या जखमा शोधी. तिची ही खोड कळली तशी मंडळी शेजाऱ्यांचे तुकतुकीत बैल मागून आणू लागली. शहाणे!

रखमाजी मात्र स्वतःचेच बैल जुंपून आला. पुठ्ठ्यांवर ताजं रक्त, त्यावर माश्या.

"हे कोणी केलं?"

"म्याच. गाडी चिखलात फसली, डोकं फिरलं. मंग रडलोबी. दुसऱ्याचे बैल आणणार होतो, पर लाज वाटली."

आत्याच्या मनात आलं, हाही मारणाराच. पण खोटं न बोललेला पहिलाच. मग तिनं कोणालाच न सांगितलेलं सांगून टाकलं.

"माझा नवरा पिऊन विहिरीत पडला. हाका मारून राह्यला होता. दोर माझ्या हातात होता. म्या आत सोडला न्हाई."

त्यानं हे गावात बोलून दाखवलं असतं, तर पोलिसांनी तिला बांधून नेलं असतं.  रखमाजीनं आपली पराणी तिच्या हातात दिली. "ही तुझ्यापाशी राहू दे."

त्यांचा पाट लागला, पण तो काही साधू झाला नाही. पहिल्याच वर्षी त्यानं तिच्या थोबाडीत मारली. आत्यानं तीच पराणी त्याच्या मांडीत खुपसली. महिनाभर तो लंगडत होता. पुन्हा हात उचलला नाही.

अठ्ठेचाळीस साली मोट हाकताना विहिरीचा काठ ढासळला आणि तो आत पडला. आत्या जवळच गवत कापत होती. धप्प आवाज आला, पण हाक आली नाही. तिनं धावत जाऊन दोर झाडाला बांधला, आत सोडला. तो चढत असताना गाठ सरकली. तिनं दोर मुठीत आवळला. तळव्यांची सालटी निघाली, दोर रक्तानं माखला, पण सोडला नाही.

तो काठावर आला तशी ती किंचाळली, "हाक का न्हाई मारली?"

तो रक्त थुंकत म्हणाला, "मारली असती तर तुला तो आठवला असता."